जागतिकीकरणानंतर सरकारी शाळांचं समाजात नेमकं काम काय उरलंय?

एरवी मी इथे फक्त वाचते, पण हा प्रश्न बघून राहवलं नाही. मनपाच्या शाळेत शिकवते, बाणेर-बालेवाडीच्या पट्ट्यात, आणि हाच वाद आमच्या घरी दर दिवाळीला पानावर बसलं की निघतो. धाकटे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. त्यांचं ठरलेलं: वहिनी, 1991 नंतर जग बदललं, मार्केटला लागतं ते शाळेने द्यावं, बाकी सगळा टाइमपास.

आता माझा वर्ग बघा. कुणी कर्नाटकातल्या यादगीरचं, कुणी कलबुर्गीचं, नांदेड-लातूरची आहेत, यूपीची आहेत. वडील सेंट्रिंगवर नाहीतर वॉचमन, आई हाउसकीपिंगला. भाऊजी ज्या काचेच्या बिल्डिंगीत बसतात तसल्या बिल्डिंगी ह्यांच्याच आईबापांनी उभ्या केल्यात. साइट संपली की कुटुंब हलतं, मूल वर्षाच्या मधेच गायब, आणि विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर मात्र ते आधीच्याच शाळेत दिसत राहतं, रिक्वेस्ट टाका, फोन करा, समोरची शाळा काही मूल सोडत नाही कारण पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं. जागतिकीकरण म्हणजे आमच्याकडे हे.

तर झालं असं, परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी व्हरांड्याच्या भिंतीवर मोठा नकाशा काढला होता. सरकारी नाही, त्यांचा स्वतःचा, प्रत्येकाचं गाव आणि तिथून पुण्याला यायचा रस्ता. एका पोराचे वडील त्याला न्यायला आले ते तिथेच थांबले, आणि अंगठा उठवणारा तो माणूस भिंतीवर बोट ठेवून यादगीर, वाडी, कलबुर्गी, सोलापूर, दौंड असं ओळीने सांगत गेला, कुठे गाडी जास्त थांबते, कुठे पाणी मिळतं, सगळं. पोरं त्या दिवशी भूगोल जेवढी शिकली तेवढी माझ्याकडून कधी शिकली नसतील. त्यांचा पोरगा वर्गात बोलायचा नाही, मराठी येत नव्हती म्हणून, तो दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावरून उत्तरं द्यायला लागला.

मग भाऊजींच्याच ओळखीने एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजसेवेचा उपक्रम, आला. शनिवारी बस भरून माणसं, सगळ्यांना सारखे टी-शर्ट, सोबत फोटोग्राफर. मुलांच्या हातात कोरे ब्रश देऊन फोटो काढले आणि दुपारपर्यंत नकाशावर पांढरा रंग मारून वर पृथ्वीचा गोळा, आयफेल टॉवर आणि इंग्रजीत 'फ्यूचर रेडी' वगैरे. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी भाऊजी म्हणतात, किती फ्रेश दिसतंय ना! मी बोलले तर म्हणे, वहिनी, यादगीरचा रस्ता माहीत असून नोकरी लागते का?

नाही लागत. पण नोकरी लावणं एवढंच शाळेचं काम आहे हे ठरवलं कुणी? आणि मार्केटला काय लागतं हे मार्केटला तरी कुठे माहितीय? मधे आम्हा शिक्षकांच्या मागे एमएससीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स लावला, मग कोडिंग आलं, आता एआय. ह्याच्या मागे पळणारी शाळा कायम मागेच राहणार. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हाही वाटलं होतं की आता पालक आपल्या शाळा सोडणार नाहीत. ज्यांना परवडलं ते गेलेच.

मागच्या दिवाळीला भाऊजींनी महात्मा फुल्यांचा विषय काढला. म्हणे फुल्यांनासुद्धा उपयोगाचंच शिक्षण हवं होतं. बरोबर आहे, 1882 ला इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शाळेत हिशोब, शेतीची माहिती, आरोग्य हे सगळं मागितलं होतं, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा असंही. पण सोबत हेही बजावलं होतं की सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. म्हणजे उपयोग कुणाला हा प्रश्न आला ना. शेतकऱ्याच्या पोराला हिशोब यावा तो सावकाराची चोपडी वाचता यावी म्हणून, सावकाराला स्वस्तात कारकून मिळावा म्हणून नाही. माझ्या पोरांना मुकादमाने हजेरी कापली की कळली पाहिजे, हे माझं ध्येय. इंग्रजी त्याच्यानंतर.

आता लगेच इंग्रजीविरोधी म्हणू नका, मी स्वतः सेमीच्या वर्गाला गणित इंग्रजीत शिकवते. सगळे सीएसआर वाईट असतात असंही नाही, आमचा पाण्याचा फिल्टर एका कंपनीनेच दिलाय आणि चालतोय. भाऊजीपण मनाने वाईट नाहीत, एका मुलीची क्लासची फी गुपचूप भरतात.

तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे नाही, धोरण-बिरण अभ्यासकांनी सांगावं. पण खरंच समाजाचं विचारत असाल तर जवळच्या साइटवर शाळेच्या वेळात किती पोरं वाळूच्या ढिगावर असतात ते बघून या. त्यांच्या आईला सरकारी शाळेने टीसी आणा मग बघू असं सांगितलं तर आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 5 दाखवा, टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. भाऊजींनाही हेच म्हटलं होतं, तुमच्या ऑफिसच्या मागेच टॉवरचं काम चाललंय, एक शनिवार त्या टी-शर्टवाल्यांना घेऊन तिकडे जा. बघू म्हणाले, सध्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे.