पस्तीस दिवसांची पाळी, एकविसाव्या दिवसाचा रिपोर्ट

प्रश्न : माझं वय ३३. चौदा महिने झाले, दिवस राहत नाहीत. पाळी दर ३५ दिवसांनी, अगदी वेळेवर येते. २१व्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासलं, ते कमी निघालं. ‘बीज फुटत नाही’ असं सांगून गोळ्या लिहून दिल्या आहेत. नवरा स्वतःची तपासणी करून घ्यायला तयार नाही. ‘माझ्यात दोष नाही’ म्हणतो. सासरचे मात्र मलाच विचारत राहतात. काय करू?

उत्तर : गोळ्या सुरू करण्याआधी तो रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा. बीज फुटल्यावर साधारण सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन सर्वांत जास्त असतं. २८ दिवसांच्या पाळीत तो दिवस २१वा येतो. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी फुटतं. तुमची पाळी ३५ दिवसांची, म्हणजे ते बहुधा २१व्या दिवसाच्या आसपासच फुटतं. त्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमीच येणार! २८व्या दिवशी रक्त द्या आणि पुढची पाळी कोणत्या तारखेला आली ते नोंदवा. सात-आठ दिवसांनी आली, तरच तो आकडा ग्राह्य धरायचा. संबंधांचे दिवसही याच हिशेबाने पाहा. बीज फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ उपयोगाचा. त्यात एक दिवसाआड संबंध पुरे.

नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र टाळून चालणार नाही. मूल न होण्यामागे निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी दोघांचं मिळून. शुक्रजंतू फारच कमी असतील तर तुम्ही गोळ्या घेऊन काहीच साधत नाही, नुसते महिने जातात. हे त्यांना सांगताना ‘दोष’ हा शब्दच नको. ‘माझी एक तपासणी झाली, तुमची एक राहिली’ एवढंच म्हणा.

तपासणीआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचं. नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा आणि वाटेत डबी अंगाजवळ धरा, फ्रीजमध्ये नाही. साधा कंडोम, तेल, लाळ वापरू नये. त्याने शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. सुरुवातीचे थेंब सांडले असतील तर लपवू नका, कारण शुक्रजंतू त्यातच जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि ४२ टक्के हालचाल, ही खालची मर्यादा दिली आहे. त्याखाली आकडा गेला म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मध्यंतरी तापाने आजारी पडले असतील तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एक विचारून घ्या : जिममध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेतात का? त्या इंजेक्शनांनी शरीरातली शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबते.

गर्भनलिकांचा एक्स-रे राहिला असेल तर तो पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, बीज फुटण्याआधी करतात. त्या पाळीत तोपर्यंत संबंध टाळा. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आतापासूनच चालू ठेवा.

सासरच्या प्रश्नांना उत्तर तुम्ही नका देऊ. ‘आमचे डॉक्टर चालू आहेत, काही असेल तर मीच सांगेन’ हे त्यांच्या मुलाने सांगावं. ते त्यालाही जड जात असेल, तर वंध्यत्व उपचार केंद्रांत समुपदेशक असतात. पहिल्या भेटीला दोघंही जा.