बीए इंग्लिश करू की भाषाशास्त्र?

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. बीएला इंग्लिश घ्यायचंय, भाषाशास्त्र पण आवडतं. घरचे म्हणतात तुले बोलता येत नाही, झेपन का?

उत्तर: झेपेल गं, फक्त पहिलं वर्ष जड जाईल, रोज थोडं वाचत राहा. एक समजून घे, बीए इंग्लिशमधे मुख्य भर कविता, नाटक, कादंबरीवर असतो, भाषाशास्त्र, म्हणजे भाषा कशी घडते-चालते याचा अभ्यास, थोडंच येतं. ते नीट शिकायचं तर पुढे एमए, पुण्यात डेक्कन कॉलेजला आहे, हैदराबादच्या इफ्लूत (इंग्लिश आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) पण आहे, आणि नेटला (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) तो इंग्लिशपेक्षा वेगळा विषय आहे.

आणि फाडफाड इंग्लिश बोलणं म्हणजे भाषाशास्त्र नाहीच, तिथे कान लागतो, आणि तुझ्या आजूबाजूला जे आहे ते शहरातल्या पोरांना सहज मिळत नाही. तुमच्याकडची कोलामी आणि गोंडी द्रविडी भाषाकुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, आपली वऱ्हाडी इंडो-आर्यन, म्हणजे तीन कुळं एकट्या विदर्भात! ब्रिटिश काळातला अधिकारी ग्रियर्सन, त्याच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा 7वा खंड मराठीचा, 1905 चा, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, नक्की बघ. कोलामी तर युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत आहे, तिच्यावर काम करणारी तिकडचीच पोरगी निघावी असं मला मनापासून वाटतं.

बीएला इंग्लिशसोबत मराठी साहित्य पण घे, आणि एमएच्या प्रवेशाची तारीख शेवटच्या वर्षाला असतानाच बघून ठेव.