पोह्यांचा लगदा आणि सांडलेलं जिरावण

प्रश्न : मावशी, निवृत्तीनंतर रविवारचे पोहे माझ्याकडे आलेत. राजवाड्याकडच्या गाडीवर मिळतात तसे वाफेवरचे करायला गेलो, तर चक्क लगदा! सौ. म्हणाल्या, "वडे थापू या का?" आणि हसता हसता त्यांच्याच हातून जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, बाटली ओट्यावर उपडी झाली. चुकलं कुठे?
– पोहेवाले आजोबा, इंदूर

उत्तर : आजोबा, पोहे पाण्यात भिजत घातलेत ना? तिथंच घात झाला. जाडे पोहे चाळणीत घालून नळाखाली धुवायचे आणि दहा मिनिटं निथळू द्यायचे, बस. मीठ, हळद, साखर तेव्हाच हलक्या हातानं लावा. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप हवीच. नाहीतर ते पुण्याचे पोहे झाले! मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून त्यात पोहे. पाणी परातीला टेकता कामा नये.

आणि तिथून हलू नका. मी एकदा गच्चीवर शेजारणीशी बोलत बसले. पाणी आटलं, पोहे बुडाला लागून कोळसा. स्टीलची परात होती म्हणून बरं. खायचा सोडा घालून पाणी उकळलं, रात्रभर ठेवलं, तेव्हा कुठे निघालं. आमचे हे अजून विचारतात, "आज पिवळे की काळे?"

जिरावणाला ओलं फडकं लावू नका, हळदीचे डाग पडतील. आधी कोरडंच झाडून घ्या.

बाकी सौं.चं बरोबर आहे. लगद्यात उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर घाला आणि थापा वडे. वर शेव विसरू नका.