क्लास ॲक्शनची नोटीस दिसली? आधी तारखा जुळवा

क्लास ॲक्शन म्हणजे कंपनीच्या खोट्या विधानामुळे तोटा झालेल्या सगळ्या गुंतवणूकदारांच्या वतीने केलेला एकत्रित दावा. अमेरिकेतल्या शेअरबद्दल अशी नोटीस दिसली की आधी त्यातला 'क्लास पीरियड', म्हणजे दाव्यात धरलेला काळ, बघा. त्या काळात शेअर घेतला होता आणि खरी बाब उघड होऊन भाव कोसळला तेव्हा तो तुमच्याकडेच होता, तर दाव्यात दम आहे. आधीच विकला असेल तर तोटा खोट्या विधानामुळेच झाला हे दाखवणं अवघड. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या ड्यूरा निकालापासून तर फारच.

नोटिशीतल्या 60 दिवसांच्या मुदतीने घाबरू नका. 1995 च्या अमेरिकी कायद्यातली ती मुदत फक्त मुख्य वादी (सगळ्यांच्या वतीने खटला चालवणारा) होण्यासाठी अर्ज करायची आहे. वकिलांच्या जाहिराती हे सोयीस्करपणे मोघम ठेवतात. बाकीच्यांना तेव्हा काहीच करायचं नसतं.

घोळ होतो तो पुढे. तडजोड होते, भरपाईतला वाटा मागायचा क्लेम फॉर्म येतो आणि तसाच पडून राहतो. त्यात प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख, शेअरची संख्या आणि भाव लागतो, म्हणून ब्रोकर बदलण्याआधी जुनी स्टेटमेंट उतरवून ठेवा.