‘ड्यू टू’पुढे वाक्य का चालत नाही?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘ड्यू टू आय वॉज सिक’ असं मेलमध्ये लिहिलं, तर साहेबांनी ‘ड्यू टू’ खोडून ‘बिकॉज’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘मुळे’च, मग बिघडलं काय?

अर्थ एकच आहे हे खरं. पण आपलं ‘मुळे’ फार उदार आहे. ते नामाला लागतं, ‘पावसामुळे’. आणि धातुसाधिताला लागून अख्खी घटनाही सामावून घेतं, ‘पाऊस पडल्यामुळे’, ‘मी आजारी असल्यामुळे’. इंग्रजीत ही कामं वाटलेली आहेत. ‘ड्यू टू’, ‘बिकॉज ऑफ’, ‘ओइंग टू’ ही आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखी, त्यांना नाम लागतं. ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘अ‍ॅज’ ही उभयान्वयी. त्यांच्यापुढे कर्ता-क्रियापदासह वाक्य हवं.

‘खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे भिडे पूल बंद आहे’ हे वाक्य घ्या. एक तर ‘बिकॉज वॉटर हॅज बीन रिलीज्ड’ म्हणा, नाही तर ‘सोडल्या’चं नाम करून ‘ड्यू टू द रिलीज ऑफ वॉटर’. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ लिहूनही पुढे वाक्य जोडता येतं, पण मला तो लांबचा वळसा वाटतो. एवढ्यासाठी ‘बिकॉज’ पुरे. (‘ड्यू टू’ फक्त ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’ अशाच रचनेत शोभतो, असं म्हणणारे जुन्या वळणाचे लोक आहेत. आज तो बंधनकारक नियम राहिलेला नाही.)

याहून खोलवर रुजलेली चूक म्हणजे ‘अ‍ॅज इट वॉज रेनिंग, सो आय केम लेट’. मराठीत ‘ज्याअर्थी’ आलं की ‘त्याअर्थी’ यावंच लागतं, म्हणून आपल्या कानाला ही जोडी पूर्ण वाटते. इंग्रजीला दोहोंपैकी एकच हवं: ‘अ‍ॅज’ ठेवा किंवा ‘सो’.

‘अ‍ॅज’ जपून वापरावं असं माझं मत आहे. ‘अ‍ॅज आय वॉज रायटिंग द मेल, आय मिस्ड द कॉल’ म्हणजे लिहिताना की लिहीत होतो म्हणून? कारणच सांगायचं असेल तर सरळ ‘बिकॉज’ लिहा, वाक्याच्या सुरुवातीलासुद्धा. शाळेत ते चूक म्हणून शिकवलं असेल. पण पुढे मुख्य वाक्य येत असेल, तर त्यात काहीही चूक नाही.