रोवणीचे फोटो आणि पोटापाण्याचा प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

बारावीत शिकणारी आपली मुलगी भंडारा जिल्ह्यात मावशीकडे गेली असताना धानाच्या रोवणीचे फोटो काढून आली, आता तिला हेच काम आयुष्यभर करायचे आहे, आणि त्यासाठी कर्ज काढून दीड लाखाचा कॅमेरा घ्यावा का, असे आपण परभणीहून विचारले आहे. कर्ज काढू नका. तिने मोबाइलवर काढलेले बारा फोटो मी पाहिले. नजर चांगली आहे, उणीव आहे ती नोंदींची.

पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी खांद्यावर घेऊन बांधावरून चाललेल्या मुलाचा फोटो मला सर्वांत आवडला. जुडीतून ओघळलेले गढूळ पाणी त्याच्या शाळेच्या सदऱ्यावर उतरले आहे. परंतु रोवणी जुलै-ऑगस्टमधली, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतरची. त्या दिवशी रविवार होता की त्याची शाळा बुडाली, बांधी, म्हणजे धानाचे शेत, घरची होती की दुसऱ्याची, हे फोटोखाली कुठेच नाही. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि घरच्या शेतात हातभार लावायचा तोही शाळा सांभाळून. त्यामुळे एका ओळीने या फोटोचा अर्थच बदलतो. अमेरिकेत १९०८ पासून बालमजुरांचे फोटो काढणारे लुईस हाइन मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडत आणि वय, काम, ठिकाण लिहून ठेवत. ही शिस्त तिला आजपासून, फुकट लावून घेता येईल.

केवळ अशा फोटोंवर घर चालणे अवघड आहे, हे तिलाही स्पष्ट सांगा. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपणारे, २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणूनही काम केले. म्हणून आधी पत्रकारितेची किंवा समाजशास्त्राची पदवी घ्यावी. पुढे दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात छायाचित्रणाची पदव्युत्तर पदविका आहे, तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात पदव्युत्तर अभ्यासक्रम. दरम्यान, पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ग्रामीण श्रमांच्या कथा मराठीतही आहेत, त्यांतील फोटोंखालच्या ओळी तिने नीट वाचाव्यात.

दिवाळीच्या सुमारास तिकडे धान कापणीला येते. तेव्हा जाताना त्या मुलाच्या फोटोची छापील प्रत सोबत न्यावी, त्याच्या आईच्या हाती द्यावी, फोटो इतरांना दाखवायला तिची आणि त्याची परवानगी विचारावी, आणि दोघांनी होकार दिला तरच तो मला पुन्हा, नोंदीसह पाठवावा.