‘काही करत नाही हो तो’

गेल्या अंकात मी म्हशीच्या कासदाहावर लिहिलं आणि पत्रं आली ती कुत्र्यांची. त्यातही मोकाट कुत्र्यांची कमीच. मालक आहे, गळ्यात पट्टा आहे, पण सुटलेलं आहे, अशा कुत्र्यांची जास्त. तेव्हा या महिन्यात तोच विषय. म्हशींनी जरा थांबावं.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी लातूरची. ३४ वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. रोज सकाळी कॉलनीच्या मैदानाला पाच फेऱ्या मारते. तिथे एक गृहस्थ त्यांचं लॅब्रॅडॉर आणतात आणि फाटकातून आत आलं की साखळी काढून स्वतःच्याच गळ्यात अडकवतात. गेल्या महिन्यात ते धावत आलं, दोन्ही पाय माझ्या छातीवर टाकले. मी पडले, हात टेकला, मनगट मोडलं. चावलं नाही. मालक लांबूनच म्हणत होते, ‘काही करत नाही हो तो, खेळतोय.’ नंतर म्हणाले, ‘तुम्ही घाबरलात म्हणून पडलात.’ ६ आठवडे प्लास्टर होतं. मुलगा म्हणतो तक्रार कर, आमचे हे म्हणतात एकाच कॉलनीत राहायचंय. चावलंच नाही, तर तक्रार कशाची करू?

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचलं आणि मला माझाच शेरू आठवला. शेरू म्हणजे दवाखान्याच्या आवारातून उचलून आणलेलं गावठी पिल्लू. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी मी त्याला मोकळा सोडायचो. आपण जनावरांचे डॉक्टर, आपल्या कुत्र्याला साखळी कशाला, असा एक तोरा होता. एकदा समोरून सायकलवर एक पोरगं आलं, हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या. शेरू सुटला. मी ओरडलो, ‘शेरू! शेरू!’ शिट्टी मारली. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. पोरगं घाबरून जोरात पायडल मारायला लागलं तसा शेरू आणखी जोरात, आणि वळणावर सायकल, पोरगं, किटल्या, सगळं रस्त्यावर. शेरू बाजूला उभा राहून दूध चाटायला लागला. पोराचा गुडघा फुटला होता, पण ते रडत होतं दुधासाठी. मी दुधाचे पैसे दिले, गुडघा धुऊन पट्टी बांधली आणि वर त्यालाच विचारलं, ‘अरे, मी त्याला बोलावत होतो ना, तू थांबला का नाहीस?’ ते म्हणालं, ‘मला वाटलं, तुमी अंगावर सोडायलाव.’

लांबून ऐकणाऱ्याला मालकाचं बोलावणं आणि छू म्हणणं सारखंच ऐकू येतं. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

तुमच्या त्या गृहस्थांचं वाक्य मीही शेकडो वेळा म्हटलंय आणि त्यात तसं खोटं काही नसतं. कुत्रं काही करत नाही, ते त्यांना. घरात, ताटलीपाशी, रोजच्या माणसांत त्यांनी त्याला पाहिलेलं असतं. काठी टेकत येणारा म्हातारा, वाऱ्यावर फडफडणारा पदर, चेंडूमागे पळणारं लेकरू यांच्यासमोर ते कसं वागतं हे मालकालाही तेव्हाच कळतं. लॅब्रॅडॉर माणसाळू जात, यात वाद नाही. पण पूर्ण वाढलेला नर ३० किलोच्या वर जातो. तीन महिन्यांचं असताना ते असंच अंगावर उडी मारायचं तेव्हा घरादारानं हसून त्याचे लाड केले असणार. कुत्रं तेच करतंय जे त्याला शिकवलं. वजन तेवढं वाढलं. तुम्ही घाबरल्या नसतात तरी पडलाच असता.

आता तक्रारीचं. चावलं पाहिजे अशी अट कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल आणि मालकानं तो टाळायला पुरेशी काळजी घेतली नाही, तर तो गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच कलम जुन्या दंड विधानात २८९ क्रमांकाचं होतं आणि दंड फक्त १,००० होता. आणि हाड मोडणं हे कायद्याच्या व्याख्येत ‘गंभीर दुखापती’तच मोडतं. म्हणजे तुमचं मनगट हाच तुमचा कागद. एक्स-रे, प्लास्टरची चिठ्ठी, तारखेसकट जपून ठेवा. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमात रस्त्यावर जनावर निष्काळजीपणे सोडणं आणि चावरं कुत्रं मुसकं न घालता मोकळं सोडणं, दोन्हींना मनाई आहे. तो कायदा १९५१ चा. लॅब्रॅडॉर मराठवाड्यातल्या कॉलन्यांत यायच्या कितीतरी आधीचा.

पण तुमचे यजमान म्हणतात त्यातही तथ्य आहे. पोलीस ठाण्याची पायरी एकदा चढली की लग्नकार्यातलं बोलणं बंद होतं. म्हणून आधी एक साधा अर्ज लिहा, कॉलनीच्या समितीला. काय झालं, कधी झालं, दवाखान्याला किती खर्च आला, आणि मैदानात कुत्रं साखळीलाच राहील एवढी एकच मागणी. एक प्रत त्या गृहस्थांना हातात द्या, पोच घ्या. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं की ‘बाई जरा घाबरट आहेत’ एवढीच गोष्ट कॉलनीत फिरते. त्यानंतरही साखळी मालकाच्याच गळ्यात राहिली तर ठाण्यात जा, आणि जाताना ती पोच बरोबर न्या. सांगूनही ऐकलं नाही हे तिच्यावरून दिसतं.

आणि उद्या पुन्हा ते धावत आलं तर? पळू नका, ओरडू नका, काठी उगारू नका. जागेवर थांबा, हात छातीशी बांधून घ्या, अंग थोडं तिरकं करा आणि त्याच्या डोळ्यांत न बघता जमिनीकडे बघा. हातात छत्री, पिशवी असेल तर ती मध्ये धरा. समोरून काहीच मिळालं नाही की बहुतेक कुत्र्यांना कंटाळा येतो. पडलातच तर पोटाशी गुडघे घेऊन दोन्ही हातांनी मान झाका. शेपूट हलतेय म्हणजे प्रेमात आहे, असं मात्र धरून चालू नका. शेपूट ताठ वर, नुसतं टोक थरथरतंय आणि अंग लाकडासारखं झालंय, तर ते कुत्रं खेळायला आलेलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षांचा. गल्लीतल्या सुटलेल्या पामेरियननं त्याच्या दंडाला दात लावले. ओरखडा आहे, रक्त आलं नाही. सासूबाईंनी तिखट आणि चुना लावला. मालक म्हणतात, आमच्याला इंजेक्शन दिलेलं आहे. मुलाला सुया टोचायची गरज आहे का? (एक आई, सेलू)

उत्तर : ताई, पत्रावर तुमचा नंबर होता म्हणून छपाईची वाट न बघता मी फोन केला. इथे लिहितोय ते बाकीच्या वाचकांसाठी.

गरज आहे. दात लागून नुसतं खरचटलं, रक्त नाही, तरीही रेबीजची लस घ्यायचीच. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. त्याआधी, अगदी पहिल्यांदा, नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुणं. घड्याळ लावून. साबणानं विषाणू मरतो, वाहत्या पाण्यानं निघून जातो. तिखट-चुन्यानं जखम चिघळते, बाकी काही होत नाही. सासूबाईंना रागावू नका, माझ्या आजीनंही हेच केलं असतं. तिच्या काळात पोटातल्या १४ इंजेक्शनांची धास्ती होती. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी (० म्हणजे पहिली सुई घेतली तो दिवस). दंडात स्नायूत दिली तर १४वा दिवस धरून पाच.

मालकाला ‘इंजेक्शन दिलंय’ असं नुसतं म्हणू देऊ नका, कार्ड मागा आणि तारीख बघा. पिल्लू असताना एकदा दिलं आणि पाच वर्षं त्याच्यावर काढली, असे बहाद्दर मी पाहिलेत. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायला सांगा. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पण ते बघू आणि मग सुरू करू, असा उलटा हिशेब करायचा नाही.

एवढा जोर का देतोय? नोकरीच्या सुरुवातीला एका वाडीत म्हैस बघायला बोलावलं. तोंडातून लाळेच्या तारा, आवाज घोगरा, सारखी हंबरत होती, पाणी गिळता येईना. मालकाला वाटलं घशात काही अडकलं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला होता. मग मीही घातला. हात बाहेर काढताना त्याची बायको म्हणाली, ‘महिन्याखाली कुत्रं डसलं व्हतं हिच्या नाकाडाला.’ म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. तो शेतकरी आणि मी, दोघं एकाच बाकावर बसून सुया घेत होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ नाहीच, माणसालाही नाही. लहान लेकराचं तोंड तर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं, चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो आणि तिथून मेंदू जवळ. तुमच्या मुलाच्या दंडावर निभावलं.

प्रश्न : माझ्याकडे दोन कारवानी कुत्रे आहेत. ही जातच पळायची. बांधून ठेवलं तर पाप लागेल असं आमचे वडील म्हणतात. शेजारी भांडायला येतात. काय करावं? (कळंब)

उत्तर : भाऊ, तुमच्या वडिलांचं मन मला कळतं. कारवानी, पश्मी ही आपल्या भागाची शान आहे. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आणि सुटलं की जमिनीला पाय लागतात की नाही असं वाटतं. पण ही नजरेनं शिकार करणारी जात. समोर काही पळालं की डोळे तिकडे आणि कान बंद. घरात शंभर हाका ऐकणारं कुत्रं ससा दिसला की एकही ऐकत नाही. हा त्याचा उद्धटपणा नाही, शेकडो वर्षं माणसानं त्याला यासाठीच निवडत आणलंय. सशाच्या जागी मेंढीचं कोकरू, शाळेतून पळत येणारी पोर किंवा लुनावरचा म्हातारा आला तरी त्याच्या डोळ्यांना ते पळणारंच दिसतं. दोन कुत्री एकत्र असली की एकाचं बघून दुसरं पेटतं, तेव्हा दोघांना एकाच वेळी कधीच सोडू नका.

पळवा की, जरूर पळवा. आपल्या रानात, चारी बाजूंनी कुंपण असेल तिथे. नसेल तर बैलाच्या दाव्याच्या जाडीची २५-३० फुटी दोरी घ्या आणि ती गळ्याच्या पट्ट्याला न लावता छातीपट्ट्याला लावा. पूर्ण वेगात जाऊन दोरी संपली तर गळ्याला बसणारा हिसका मान मोडू शकतो. दोरी हाताला गुंडाळू नका, तळहात सोलून निघतो (हे मी अनुभवानं सांगतोय). वाटेवर, वस्तीजवळ, मेंढरांचा वाडा बसला असेल तिथे मात्र आखूड साखळी. शेजारी भांडायला येतात ते तुमच्या वडिलांशी नाही हो. त्यांच्या अंगणात लेकरं आहेत.

प्रश्न : रात्रपाळीवरून येताना एका वळणावर कुत्री गाडीमागे लागतात. (हिंगोली)

उत्तर : वेग वाढवू नका, लाथ मारू नका. दोन्हींनी गाडी घसरते, आणि कुत्र्याच्या दातापेक्षा रस्त्याची खडी जास्त लागते. वळणाच्या आधीच हळू व्हा, गरज पडली तर थांबा. पळणारं काही उरलं नाही की तीही थांबतात. मग सावकाश निघा.

प्रश्न : एवढं सांगता, तुम्ही स्वतः आता कुत्रं पाळता का?

उत्तर : हो. शेरू म्हातारा होऊन गेला. आता बिजली आहे, तीही गावठीच. विद्यापीठाच्या त्याच रस्त्यावर जातो, सहा फुटी साखळीनं. बिजली फार ओढते, माझा उजवा खांदा त्यानं धरलाय. पट्ट्यावर न ओढता चालायला शिकवतात कसं, हे लोकांना सांगत मी नोकरी काढली आणि घरी मात्र रोज उद्यावर ढकलतोय. तिला आधी शिकवतो, मग त्यावर लिहितो.